चिणून न टाकलेल्या दिंड्या

"आमच्या साइटवर चोरण्यासारखं आहेच काय?" हे वाक्य मी लोणावळ्यात, कामशेतला, वडगावच्या बाजारात आणि पवना धरणाच्या काठी इतक्या वेळा ऐकलं आहे की ते आता कुणा एकाचं मत राहिलेलं नाही. या भागातल्या लहान धंद्यांनी ते सिद्धान्तासारखं धरून ठेवलं आहे. बंगले भाड्याने देणारे, धरणाकाठी तंबू लावणारे, चिक्की घरपोच पाठवणारे, योगशिबिरं घेणारे, गडांवर वाट दाखवणारे अशा सगळ्यांची आज वेबसाइट आहे आणि जवळजवळ सगळ्यांचं म्हणणं हेच आहे. मला ते चुकीचं वाटतं. त्याहून वाईट म्हणजे त्याची किंमत बोलणाऱ्यापेक्षा त्याच्या पाहुण्यांना मोजावी लागते. पण खंडन करायचं तर पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळासह मांडला पाहिजे.

पूर्वपक्ष असा. हॅकर हा हुशार माणूस आहे आणि हुशार माणूस मोठ्या ठिकाणी हात घालतो. याला पुराव्यासाठी लांब जायला नको. १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ ला हल्ला झाला. एटीएमच्या व्यवहारांना होकार-नकार देणाऱ्या यंत्रणेच्या जागी हल्लेखोरांनी स्वतःची बनावट यंत्रणा बसवली. पैसे काढण्याची प्रत्येक मागणी ती मंजूर करत गेली आणि काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून रोकड निघाली. १३ ऑगस्टला आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. ज्याची ही ताकद, तो तुंगार्लीच्या चार खोल्यांच्या बंगल्याच्या साइटवर वेळ कशाला घालवील? साइटवर फोटो, दर आणि फोन नंबर आहे, म्हणजे सगळं उघडंच आहे. पैसे फोनवरून यूपीआयने येतात. पत्त्याच्या आधी कुलपाचं चिन्ह आहे. होस्टिंगची कंपनी दरवर्षी पैसे घेते, ती बघेल. आणि एवढ्यावरही काही झालंच तर साइट बनवून देणाऱ्याकडे बॅकअप असेल, तो टाकला की पुन्हा जैसे थे.

यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे, म्हणून हे मत इतकं टिकलं.

पहिली चूक आहे ती "हात घालतो" या क्रियापदात. त्यात एक माणूस गृहीत धरलेला आहे, तो पाहतो, तोलतो आणि मग निवडतो. कॉसमॉसच्या बाबतीत ते बरोबर आहे. तिथे कुणीतरी त्या एका बँकेचा अनेक दिवस अभ्यास केला असणार. लहान साइटच्या बाबतीत निवडणारा कुणी नसतोच. एक प्रोग्राम इंटरनेटवरचे पत्ते एकामागून एक तपासत जातो आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारतो: तुमच्याकडे अमुक प्लगइनची, म्हणजे साइटला जोडलेल्या पूरक प्रोग्रामची, अमुक जुनी आवृत्ती आहे का? उत्तर "हो" आलं की घुसतो. साइट बँकेची आहे की तंबूवाल्याची, हे त्याला कळतही नाही. जगातल्या दर दहा साइटपैकी चार एकट्या वर्डप्रेस या प्रणालीवर चालतात. त्यामुळे त्यात एक भोक सापडलं की तीच किल्ली लाखो दारांना लागते. २६ जानेवारी २०१७ ला वर्डप्रेसने ४.७.२ ही आवृत्ती काढून एक गंभीर दोष बुजवला. १ फेब्रुवारीला त्या दोषाची माहिती जाहीर केली. पुढच्या काही दिवसांत जगभरात पंधरा लाखांहून जास्त पानं विद्रूप झाली. ज्यांची साइट आपोआप अपडेट होत होती त्यांना काही झालं नाही. ज्यांनी ती सोय बंद केली होती किंवा ज्यांच्याकडे ती नीट चालत नव्हती, त्यांची पानं गेली. त्याआधी ऑक्टोबर २०१४ मध्ये द्रुपल या दुसऱ्या प्रणालीत असाच दोष निघाला होता. तेव्हा द्रुपलच्या सुरक्षा पथकाने जे जाहीर केलं ते प्रत्येक साइटमालकाने लक्षात ठेवावं असं आहे. दुरुस्ती प्रसिद्ध झाल्यापासून सात तासांच्या आत ज्यांनी ती लावली नसेल, त्यांनी आपली साइट हॅक झाली आहे असंच धरून चालावं. सात तासांत लाखो मालकांचा "अभ्यास" कोण करणार? तिथे मोठा-लहान हा भेदच उरत नाही.

"पण आमची साइट कुणाला ठाऊकच नाही" असं यावर सांगितलं जातं. ज्याला शंका असेल त्याने होस्टिंगच्या पॅनेलमध्ये जाऊन आपल्या साइटच्या नोंदी, म्हणजे लॉग, एकदा उघडून पाहावेत. ज्या साइटवर वर्डप्रेस कधी बसवलेलंच नाही, तिथेही वर्डप्रेसचं लॉगिन पान मागणाऱ्या विनंत्यांची रांग दिसेल. कुणीतरी अंधारात दाराची कडी हलवून पाहत असतं. आणि नव्या साइटला कुणाला ठाऊक नसण्याचा लाभ फार तर काही मिनिटं मिळतो. सुरक्षित पत्त्यासाठी प्रमाणपत्र घेतलं की त्या पत्त्याचं नाव सार्वजनिक नोंदवहीत चढतं. ती वही चांगल्या हेतूने उघडी ठेवलेली आहे आणि कडी हलवणारे प्रोग्रामही ती वाचतात. बंगल्याची वास्तुशांत व्हायच्या आत चोराला पत्ता मिळालेला असतो.

आता चोरण्यासारखं काय आहे, ते पाहू. दोन पावसाळ्यांपूर्वी पवना धरणाकाठी तंबूंचा व्यवसाय करणाऱ्या एका परिचिताचा फोन आला. "दादा, गुगलला आपल्या नावाखाली चिनी अक्षरं यायला लागलीत. साइट उघडली तर सगळं बरोबर आहे." ती अक्षरं चिनी नव्हती, जपानी होती. गुगलवर त्याच्या पत्त्याआधी "site:" हा शब्द लावून शोधलं, तर त्याने कधी न लिहिलेली हजारो पानं निघाली. सगळी महागड्या बॅगा आणि बुटांच्या नकली मालाची. हा प्रकार जगभर इतका रूढ आहे की त्याला नावच पडलं आहे, जपानी कीवर्ड हॅक. यात चोरीला जातं ते साइटचं नाव. त्याने पाच-सहा वर्षं खपून, पाहुण्यांकडून चार चांगले शब्द लिहून घेऊन गुगलकडे जी पत मिळवली होती, तिच्यावर दुसऱ्याने आपलं दुकान थाटलं. मालक स्वतः पत्ता टाइप करून साइट उघडतो तेव्हा त्याला जुनीच साइट दाखवायची आणि गुगलच्या यंत्राला किंवा शोधातून आलेल्या माणसाला वेगळी दाखवायची, अशी व्यवस्था घुसणारा करून ठेवतो. म्हणून मालकाला हे सगळ्यांत शेवटी कळतं. त्याच्या बाबतीत तर घुसणाऱ्याने गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये स्वतःला त्या साइटचा आणखी एक मालक म्हणून नोंदवून ठेवलं होतं. सातबाऱ्यावर अनोळखी नाव चढावं तसं.

नाव हा पहिला ऐवज. दुसरा ऐवज सर्व्हर. त्यावरून लाखो फसवे ईमेल सुटतात, तो पत्ता काळ्या यादीत जातो आणि मग मालकाने पाठवलेली खरी पावतीही पाहुण्याच्या कचऱ्याच्या डब्यात पडते. तिसरा ऐवज पाहुण्याचा विश्वास. लोणावळ्यातल्या बंगल्यांचे फोटो उचलून बनावट साइट काढायची, शनिवार-रविवारची आगाऊ रक्कम यूपीआयने घ्यायची आणि फोन बंद करायचा, ही फसवणूक या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. बनावट साइटचा पत्ता तरी निराळा असतो, सावध माणूस तो ओळखू शकतो. खऱ्या साइटमध्ये घुसून फक्त क्यूआर कोडचं चित्र बदललं तर पाहुण्याने काय ओळखायचं? पत्ता खरा, फोटो खरे, नाव खरं. पैसे भलतीकडे.

आणि शब्दशः चोरण्यासारखंही काही असतंच. त्या परिचिताच्या साइटवर नावनोंदणीचा फॉर्म होता. गटातल्या प्रत्येकाच्या आधारकार्डाचा फोटो त्यात जोडावा लागे. ते सगळे फोटो साइटच्या एका फोल्डरमध्ये, कुलूपकिल्लीविना, तीन वर्षांचे पडून होते. इतकी माणसं एका रात्रीसाठी येऊन गेली आणि त्यांची ओळख तिथेच राहिली. मालकाला वाटत होतं की साइटवर आपलं काही नाही. ते खरंही होतं, जे होतं ते दुसऱ्यांचं होतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अशी माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे. पण हे कळायला कायद्याची गरज पडावी, याचं मला वाईट वाटतं. आपल्याकडे उतरलेल्या माणसाची पिशवी आपण अंगणात टाकून झोपत नाही.

कुलपाच्या चिन्हाबद्दल थोडक्यात. ते चिन्ह एवढंच सांगतं की तुमच्या ब्राउझरपासून सर्व्हरपर्यंतची वाट झाकलेली आहे, मध्ये कुणी डोकावू शकत नाही. वाटेच्या टोकाला कोण बसलं आहे, हे ते सांगत नाही. पोस्टाचं पाकीट डकवलेलं आहे म्हणून पत्र लिहिणारा प्रामाणिक ठरतो का? पूर्वी या प्रमाणपत्राला पैसे पडत, म्हणून ते दुर्मीळ होतं आणि त्याला वजन होतं. २०१५ च्या अखेरीपासून लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ते सर्वांना फुकट देऊ लागली. ते उत्तमच झालं. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर प्रमाणपत्र नसलेल्या साइटला "सुरक्षित नाही" म्हणू लागला आणि सगळ्या जगाने ते बसवून घेतलं. फसव्या साइटवाल्यांनीही. सप्टेंबर २०२३ मध्ये गुगलने क्रोममधून ते कुलूप काढून तिथे साधं सेटिंगचं चिन्ह ठेवलं. लोक त्याचा अर्थ "ही साइट भरवशाची" असा घेतात, हे कारण त्यांनी उघड सांगितलं. ज्यांनी प्रमाणपत्राचा आग्रह धरला त्यांनीच ते चिन्ह मागे घेतलं, तरी आपल्याकडे अजून त्याची ग्वाही दिली जाते.

होस्टिंगवाला बघेल, या म्हणण्याचं उत्तर मला दर वेळी लोहगडावरून समोर विसापूर पाहताना सुचतं. लोहगडाला गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे आहेत, डोंगराला वळसे देत एकावर एक चढत जाणारे. एका दरवाजातून आत आलेला शत्रू दुसऱ्याच्या माऱ्यात सापडावा, ही त्यांची रचना. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत तो आहे आणि ते त्याला शोभतं. पण मार्च १८१८ मध्ये या चारही दरवाजांची परीक्षा झालीच नाही. गायमुख खिंडीपलीकडचा विसापूर लोहगडाहून उंच आणि पसरट आहे. इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरच्या फौजेने ४ मार्चला आधी विसापूर घेतला. तिथून लोहगड तोफेच्या टप्प्यात येतो. दुसऱ्याच दिवशी लोहगड रिकामा झाला. चार दरवाजे शाबूत राहिले आणि गड गेला. शेजार पडला म्हणून गेला. इंग्रजांनी पुढे विसापूरचे दरवाजे सुरुंगाने उडवले ते उगाच नव्हे. लोहगडाची किल्ली कुठे आहे ते त्यांना कळलं होतं.

स्वस्त होस्टिंगमध्ये एका सर्व्हरवर शेकडो साइट राहतात. चांगली कंपनी प्रत्येक खात्याभोवती भिंत घालते. सर्व्हरची वीज, जाळं, मूळ प्रणाली हे सारं ती खरंच पाहते आणि त्याचेच पैसे घेते. एका खात्याच्या आत काय आहे ते ती पाहत नाही आणि करारात तसं लिहिलेलंही असतं. इथे खरी गफलत होते. साइट बनवून देणारे अनेक जण एकच खातं घेतात आणि त्यात वीस गिऱ्हाइकांच्या साइट वीस फोल्डरांत ठेवतात. फोल्डरांच्या मध्ये भिंत नसते. त्यातल्या एका बंद पडलेल्या क्लासच्या, पाच वर्षं कुणी न उघडलेल्या साइटमधून घुसलेला प्रोग्राम उरलेल्या एकोणीसांत सहज चालत जातो. तुमची साइट कितीही निगुतीने ठेवा, तुमचा विसापूर कोण आहे हे विचारल्याशिवाय तुम्हाला तुमच्या गडाची अवस्था कळणार नाही. स्वतःच्या नावाचं स्वतंत्र खातं घेणं, हा पुष्कळ महागड्या उपायांहून मोठा उपाय आहे.

बॅकअपचं म्हणणं मात्र मी आदराने खोडतो, कारण बॅकअप हवाच. फक्त त्याच्याकडून जी अपेक्षा केली जाते ती चुकीची आहे. पहिलं म्हणजे पुष्कळ बॅकअप त्याच सर्व्हरवर पडलेले असतात. घराला आग लागली तर घरातल्या पेटीतली नक्कलही जळते. दुसरं, घुसणारा ज्या दिवशी आत येतो त्या दिवशी तमाशा करत नाही. तो फोटोंच्या फोल्डरमध्ये एखादी निरुपद्रवी नावाची फाइल ठेवतो, यादीत एक अॅडमिन वाढवतो आणि आठवडे, महिने थांबतो. तुम्हाला जपानी अक्षरं दिसतात ऑगस्टमध्ये, तो आलेला असतो मे महिन्यात, आणि तुमच्याजवळचे जून-जुलैचे सगळे बॅकअप त्याच्यासकट घेतलेले असतात. तिसरं सर्वांत महत्त्वाचं. बॅकअप साइटला कालच्या स्थितीत नेतो, आणि ज्या भोकातून तो आला ते भोक काल होतंच. माझ्या परिचिताने मला बोलावण्याआधी बॅकअप टाकून पाहिला होता. चार दिवस साइट स्वच्छ होती. पाचव्या दिवशी पानं परत आली.

म्हणून साफसफाईला क्रम लागतो. आधी साइट तात्पुरती बंद करायची, म्हणजे पाहुण्यांना इजा होणार नाही. आहे त्या अवस्थेची आणि लॉगची एक प्रत बाजूला काढायची, नाहीतर वाट कुठून फुटली ते कधीच कळणार नाही. मग स्वच्छ संगणकावरून सगळे पासवर्ड बदलायचे. नुसता साइटचा नव्हे, होस्टिंगच्या पॅनेलचा, डेटाबेसचा, डोमेन जिथून घेतलं तिथला आणि या सगळ्यांची किल्ली ज्यात आहे त्या ईमेलचा. वर्डप्रेसच्या गुप्त कळा बदलल्या की आत बसलेले सगळे एकदम बाहेर फेकले जातात. मूळ प्रणाली आणि प्लगइन जुन्यावर डागडुजी न करता मूळ ठिकाणाहून नवे आणून बसवायचे. अनोळखी अॅडमिन, ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामं, फोटोंच्या फोल्डरमधल्या प्रोग्रामच्या फाइली एकेक पाहायच्या. सर्च कन्सोलमधलं ते परकं नाव काढायचं. हे सगळं झाल्यावर गुगलने इशारा लावला असेल तर फेरतपासणीची विनंती करायची. आमच्या त्या साइटवर भोक सापडलं साइटचं रूप ठरवणाऱ्या एका थीममध्ये. पैसे देऊन घ्यायची थीम कुणीतरी "फुकट" दिली होती. अशा चोरट्या प्रतींमध्ये मागचं दार बहुधा बसवलेलंच येतं. ती थीम ठेवून टाकलेला कुठलाही बॅकअप वाया जाणारच होता.

इथवर खंडन झालं. आता माझा पक्ष.

साइट राखण्याचं शास्त्र आपल्याकडे परकं नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिलं. त्यातलं दुर्गांचं प्रकरण मी साइट सांभाळायला लागल्यावर पुन्हा वाचलं आणि थक्क झालो. गडाला एकच दरवाजा असणं अमात्य दोष मानतात. अडचणीच्या वेळी बाहेर पडायला दुसरी वाट हवी, म्हणून आणखी दरवाजे आणि चोरदिंड्या कराव्यात असं ते सांगतात. पण लगेच पुढे बजावतात की रोजच्या राबत्याला लागतील तेवढ्याच उघड्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात. पूर्वपक्षाकडे नेमकं हेच नाही. त्याची साइट म्हणजे सगळ्या दिंड्या उघड्या असलेला गड आहे. दिवाळीत एकदा वापरलेलं सवलतीचं प्लगइन, कधी न चाललेलं चॅटचं प्लगइन, सोडून गेलेल्या मुलाचं अॅडमिन खातं, "चाचणी" नावाचं जुनं फोल्डर. बंद केलेलं प्लगइनसुद्धा फाइलींच्या रूपात सर्व्हरवर असतंच, त्यामुळे ते काढून टाकलं तरच दिंडी चिणली गेली. मला विचाराल तर पहिल्या दिवशी नवं काही बसवू नये. तासभर बसून काय काय काढता येतं ते पाहावं.

गडाच्या कारभारातली दुसरी गोष्ट म्हणजे किल्ल्याची सत्ता कधी एकाच्या हातात नव्हती. हवालदार, सबनीस, कारखानीस असे वेगवेगळे अधिकारी असत. दरवाजाच्या किल्ल्या एकाकडे, हिशेब आणि हजेरी दुसऱ्याकडे, दाणागोटा आणि दारूगोळा तिसऱ्याकडे. एक फितूर झाला तरी गड जाऊ नये. आपल्या साइटचं काय? मालक, त्याचा भाऊ, फोटो टाकणारी मुलगी आणि साइट बनवून देणारा, सगळे एकाच "अॅडमिन" नावाने, एकाच पासवर्डने आत जातात. तो पासवर्ड बंगल्याचं नाव आणि पुढे १२३ असा असतो. आणि डोमेन? ते मालकाच्या नावावर नसतंच, साइट बनवून देणाऱ्याच्या ईमेलवर असतं. तो माणूस वाईट नसतो, पण तो फोन नंबर बदलतो, परगावी जातो, धंदा सोडतो. फोटो टाकणाऱ्याला फोटो टाकण्यापुरता अधिकार, मालकाला वेगळं खातं आणि त्यावर फोनवरच्या आकड्याची दुसरी खात्री, डोमेन स्वतःच्या नावावर. या तीन गोष्टींना एक रुपया लागत नाही.

तिसरी गोष्ट मावळच्या घरांतलीच. इथला पाऊस कसा कोसळतो ते कुणाला सांगायला नको. वैशाख सरता सरता जुन्या घरांवर माणसं चढतात, फुटकी कौलं काढतात, सरकलेली बसवतात. घर शाकारतात. "गेल्या वर्षी शाकारलं होतं, यंदा कशाला?" असं इथे कुणी विचारत नाही. कौल एकदा बसवलं म्हणजे कायमचं बसलं, असं मानणारा माणूस मावळात राहिलेला नसेल. तोच माणूस साइट एकदा बनवली म्हणजे झाली असं मानतो. कारण त्याला ती पाटीसारखी वाटते, जुन्या हायवेवर लावलेल्या बंगल्याच्या पाटीसारखी. पाटी नुसती उभी असते. साइट अनोळखी माणसांनी पाठवलेल्या गोष्टी आत घेते आणि त्यावर काहीतरी करते. फॉर्म भरला की तो साठवते, शोध घेतला की उत्तर देते. जे आत घेतं त्याला गळती लागते. अपडेट म्हणजे शाकारणी आहे, आणि इथला पाऊस चार महिन्यांचा नसून बारमाही आहे.

यावर एक आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. लहान माणसाला वेळ नाही आणि पैसाही नाही. शनिवारी सहलीचे लोंढे भुशी धरणाकडे निघाले की त्याला जेवायला सवड नसते, तो प्लगइन कधी पाहणार? हे मी मान्य करतो, आणि म्हणून मी त्याला महागडी सुरक्षा घे असं सांगत नाही. त्याने कमी ठेवावं. फोटो, दर, नकाशा आणि फोन नंबर एवढंच दाखवायचं असेल तर लॉगिन नसलेली, डेटाबेस नसलेली साधी पानं पुरतात. ज्या साइटमध्ये चालणारा प्रोग्रामच नाही, तिच्या प्रोग्रामला भोकही पडत नाही. आरक्षण घ्यायचंच असेल तर ते काम रोज सुरक्षेचंच काम करणाऱ्या मोठ्या सेवेकडे सोपवावं. आधारकार्ड साइटवर मागूच नये. आल्यावर पाहावं, नोंद करावी, प्रत साठवू नये. दोष एकट्या मालकाचा नाही. साइट विकताना सांभाळण्याचा खर्च न सांगणारा, दहा हजारांत देऊन मोकळा होणारा बनवणाराही यात तितकाच जबाबदार आहे. घर बांधणाऱ्याने कौलं बदलावी लागतील हे सांगायला नको का?

शेवटचा अडथळा लाजेचा. साइट हॅक झाली हे कुणी सांगत नाही, घरातलं आजारपण लपवावं तसं लपवतात. लाजण्याचं काय कारण? सप्टेंबर २००७ मध्ये महाराष्ट्र शासनाची अधिकृत साइट हॅक झाली होती. जून २०२२ मध्ये खुद्द ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या साइटवर हल्लेखोरांनी आपला मजकूर लावला होता. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली असं घुसणं हा गुन्हा आहे आणि तुम्ही त्यात फिर्यादी आहात. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात ज्या घटना सहा तासांच्या आत कळवायला सांगितल्या आहेत, त्यांच्या यादीत साइट विद्रूप करणं आणि साइटमध्ये घुसणं ही दोन्ही आहेत. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करावा. मावळात ठाणं कुठलं हा प्रश्न पडतो, कारण १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवड आयुक्तालय सुरू झालं तेव्हा तळेगाव तिकडे गेलं आणि वडगाव, कामशेत, लोणावळा पुणे ग्रामीणकडे राहिलं. आपण कुठे मोडतो ते आधीच माहीत असलेलं बरं.

साइट साफ झाल्यावर माझ्या त्या परिचिताला मी म्हटलं, तुझे पाहुणे अजून अंधारात आहेत. तो बराच वेळ गप्प बसला. मग नोंदवही उघडून त्याने एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. "ताई, आमच्या साइटमध्ये कुणीतरी घुसलं होतं. तुमच्या आधारचा फोटो तिथे होता. तो गेला असेल की नाही ते सांगता येत नाही, पण तुम्हाला माहीत असावं." काही जण चिडले. बरेच जण नुसते ऐकून घेत होते. डोंबिवलीच्या एका बाईंनी विचारलं, "आता तरी काढून टाकलात ना तो फोटो?" त्याने माझ्याकडे पाहिलं. ते फोल्डर आम्ही साइटसोबत स्वच्छ केलं होतं, पासवर्ड बदलले होते, थीम बदलली होती, पण फोटो तिथेच होते. दोघांच्याही ते लक्षात आलं नव्हतं. त्याने फोन कानाला तसाच धरून हाताने मला खूण केली, आणि मी ते फोल्डर रिकामं करेपर्यंत त्या बाईंना "एक मिनिट, ताई" म्हणून थांबवून ठेवलं.